'तुलना' ही रीत, 'समता' हा न्याय : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील भारतीय स्त्रीलेखनाचा तौलनिक विचार

१. प्रास्ताविक

स्त्रीविषयक आजच्या चर्चेत 'सबलीकरण' व 'सक्षमीकरण' हे दोन शब्द इतके रुळले आहेत की त्यांच्या घडणीकडे सहसा आपले लक्ष जात नाही. भारत सरकारने २००१ हे वर्ष महिला सबलीकरण वर्ष म्हणून पाळले, त्याच वर्षी या विषयावरचे राष्ट्रीय धोरणही जाहीर झाले आणि तेव्हापासून हे शब्द शासकीय परिपत्रकांतून वाङ्मयीन चर्चेतही स्थिरावले. 'करण' हा उत्तरपद असलेला प्रत्येक शब्द एक कर्ता गृहीत धरतो. कोणीतरी सबल करणार आणि कोणीतरी सबल होणार, असा अर्थ त्यात अनुस्यूत असतो. शासन, संस्था, सुधारक किंवा विकासयोजना हा कर्ता आणि स्त्री हे कर्म, अशी वाक्यरचना मग विचारातही उतरते.

समतेची कल्पना मुळातच वेगळी आहे. समता कोणी कोणाला देत नाही. ती असते, आणि ती नाकारली गेली असेल तर तिचा दावा करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय भाषांतून ज्या स्त्रियांनी लेखन केले त्यांतील काहींनी दानाची याचना न करता हा दावा मांडला. प्रस्तुत लेखात मराठी, हिंदी, बंगाली, तेलुगू आणि भारतीय इंग्रजी या परंपरांतील काही निवडक संहितांच्या आधारे असे दाखवण्याचा प्रयत्न आहे, की या दाव्याचे मुख्य साधन 'तुलना' हे होते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ही बाब विशेष मननीय वाटावी. कारण जी आपल्या विद्याशाखेची पद्धती आहे तिचाच या लेखिकांनी न्याय मागण्यासाठी उपयोग केला होता.

२. १८८२ : एक वर्ष, तीन ग्रंथ

१८८२ या एकाच वर्षी भारतात स्त्रीप्रश्नावर स्त्रियांनी लिहिलेले किमान तीन महत्त्वाचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे छोटेखानी पुस्तक छापले गेले. त्याच्या प्रती ५०० होत्या. पुण्यातूनच पंडिता रमाबाईंचा 'स्त्रीधर्मनीति' हा ग्रंथ बाहेर पडला. आणि पंजाबात, लुधियाना येथे, 'सीमंतनी उपदेश' हे हिंदी पुस्तक निघाले. त्यावर लेखिकेचे नाव नाही; ती 'एक अज्ञात हिंदू औरत' म्हणूनच ओळखली जाते.

या तिघींच्या सामाजिक स्थानांत मोठे अंतर आहे. रमाबाई संस्कृतच्या विदुषी होत्या. देशभर प्रवास करून आणि कलकत्त्यात 'पंडिता' व 'सरस्वती' या उपाध्या मिळवून त्या १८८२ मध्ये पुण्यात आल्या, त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांच्या गरजेवर भर दिला. ताराबाई बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत वरिष्ठ कारकून होते व सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. मराठा घराण्यातील पडद्याची शिस्त ताराबाईंनी अनुभवली होती. सभा, प्रवास, पदव्या यांपैकी काहीच त्यांच्या वाट्याला आले नव्हते. लुधियानाच्या लेखिकेविषयी पुस्तकाबाहेर फारसे काही हाती लागत नाही.

तिघींचे मार्गही निराळे आहेत. 'स्त्रीधर्मनीति'चा रोख स्त्रीने स्वतः उद्योगी, शिक्षित व स्वावलंबी व्हावे असा आहे. दोष पुष्कळसा स्त्रीच्या अज्ञानाचा, म्हणून उपायही स्त्रीच्याच आत्मोन्नतीचा, असा तिचा युक्तिवाद चालतो. व्यवस्थेवरचा रमाबाईंचा कठोर प्रहार पुढे १८८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेल्या 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' या इंग्रजी ग्रंथात येतो. उरलेल्या दोन पुस्तकांत मात्र आरंभापासूनच पुरुषाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले दिसते. बुलढाणा व लुधियाना यांतील या लेखिकांचा परस्परांशी संपर्क असल्याचा कोणताही पुरावा नाही. म्हणून येथे 'प्रभाव' ही कोटी वापरता येत नाही. समान परिस्थितीतून स्वतंत्रपणे उद्भवलेले सादृश्य हीच येथे तुलनेची भूमी ठरते.

३. ताराबाईंची तुलना : एकच माप

'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकाचे तात्कालिक निमित्त सर्वज्ञात आहे. १८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य करण्यात आली. त्या खटल्यानंतर मराठी वृत्तपत्रांतून, विशेषतः 'पुणे वैभव'मधून, समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर जी चिखलफेक झाली तिला ताराबाईंचे पुस्तक हे उत्तर आहे. एका स्त्रीच्या अपराधावरून सगळ्या स्त्रिया दोषी ठरतात. मग तिला या अवस्थेत लोटणारा पुरुष कोठे आहे, हा त्यांचा मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाचे रूपांतर ताराबाई एका पद्धतीत करतात. संशय, अविनय, साहस, कपट, अविश्वास असे जे दुर्गुण परंपरेने स्त्रीच्या माथी मारले आहेत, त्यांची यादी त्या समोर ठेवतात आणि प्रत्येक कलम हाती घेऊन तेच माप पुरुषाला लावतात. साहस म्हणाल तर लूटमार, खून, राजद्रोह कोण करतो? कपट म्हणाल तर बाजारात, कचेरीत, देवळात कोणाचे कपट चालते? तुरुंग कोणी भरले आहेत? या झडतीतून निष्पन्न होणारा निष्कर्ष स्त्रिया निर्दोष आहेत असा नाही. दोष हे मनुष्यमात्राचे आहेत आणि शिक्षा मात्र एकाच बाजूला आहे, असा तो आहे. समतेच्या तत्त्वाची याहून नेमकी मांडणी त्या काळच्या गद्यात क्वचितच सापडेल.

ही तुलना तीन स्तरांवर चालते, हे ध्यानात घेतले पाहिजे. पहिला स्तर आचाराचा. नवरा मेल्यावर स्त्रीने केस, कुंकू, वस्त्रे, मंगल प्रसंगी उपस्थिती हे सर्व गमवावे. बायको मेल्यावर पुरुषाने मात्र बाराव्या-तेराव्या दिवसानंतर नव्या लग्नाची बोलणी करावीत. नियम जर वियोगाच्या दुःखाचा असेल तर तो दोघांना सारखा का नाही? दुसरा स्तर इतिहासाचा. इंग्रजी अमलात पुरुषांनी पोशाख, खाणेपिणे, नोकरी, केशभूषा यांत धर्माचे पुष्कळ बंध सैल केले आणि धर्म बुडाला असे कोणी म्हटले नाही; स्त्रीच्या बाबतीत मात्र प्रत्येक बारीकसारीक गोष्टीत धर्म आडवा येतो. परंपरा ही अचल वस्तू नसून ती कोणासाठी ताठर ठेवायची व कोणासाठी लवचीक करायची हे सत्ता ठरवते, हा आजच्या समाजशास्त्राला परिचित असलेला विचार येथे घरगुती, तिखट मराठीत आलेला आहे.

तिसरा स्तर वाङ्मयाचा आहे आणि साहित्याभ्यासकाने त्यापाशी थांबणे अगत्याचे आहे. पुराणकथांतील देव, ऋषी व राजे यांच्या वर्तनाची त्या झडती घेतातच. पण 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या तत्कालीन अद्भुतरम्य कादंबऱ्या आणि 'मनोरमा' हे नाटक यांचाही समाचार घेतात. या कृतींतील स्त्रीपात्रे पुरुषलेखकांच्या कल्पनेने घडवलेली आहेत आणि अशा कल्पित स्त्रियांच्या आधारे खऱ्या स्त्रियांचा न्याय केला जातो, हे त्यांचे निरीक्षण होय. साहित्यातील स्त्रीप्रतिमा हा विषय मराठी समीक्षेच्या पटावर येण्याच्या जवळजवळ एक शतक आधीचे हे विवेचन आहे. ते समीक्षेच्या परिभाषेत नसून भांडणाच्या भाषेत आहे, आणि कदाचित त्यामुळेच त्याची समीक्षा म्हणून दीर्घकाळ दखल घेतली गेली नाही.

ताराबाईंच्या विचाराला मर्यादाही आहेत. विवाहसंस्था त्या नाकारत नाहीत. परस्परनिष्ठ दांपत्याचा आदर्श त्यांना हवाच आहे. इंग्रजी राज्याबद्दलची त्यांची कृतज्ञता आजच्या वाचकाला खटकेल. परंतु एकच माप दोघांना लावण्याचे तत्त्व एकदा स्वीकारले की त्या तत्त्वाची धाव लेखिकेच्या स्वतःच्या मर्यादांच्याही पुढे जाते.

४. अलंकाराचा अर्थ : लुधियाना ते कलकत्ता

'सीमंतनी उपदेश'मध्ये विधवांचे हाल, विजोड विवाह, पातिव्रत्याची एकतर्फी शिकवण हे विषय येतात. परंतु त्याचा सर्वांत अनपेक्षित भाग दागिन्यांविषयीचा आहे. दागिना हे स्त्रीचे धन, तिची हौस, तिच्या सौभाग्याची खूण, अशी सर्वमान्य समजूत. लेखिका ती उलटी करून पाहते. नाक-कान टोचणारे, पाय जड करणारे, चोराचिलटाच्या भयाने स्त्रीला घरातच राहायला लावणारे हे ओझे कोणाच्या हिताचे, असे ती विचारते. संबोधन येथे थेट स्त्रियांना आहे. पुरुषांशी वाद घालण्यापेक्षा स्त्रियांना जागे करण्याकडे तिचा कल अधिक आहे.

सुमारे दोन दशकांनंतर बंगालीत रुकैया सखावत हुसेन (१८८०–१९३२) यांनी हाच विषय हाती घेतला. रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद येथील जमीनदार मुस्लिम घराण्यात, कडक पडद्यात त्या वाढल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या त्यांच्या निबंधांत अलंकारांना गुलामगिरीची चिन्हे म्हटले आहे. कैद्याची बेडी लोखंडाची, स्त्रीची सोन्याची. जनावराला वेसण, स्त्रीला नथ. अशा जोड्या लावत त्या पुढे जातात. त्यांच्या स्त्रीजातीच्या अवनतीविषयीच्या निबंधात धर्मग्रंथ हे पुरुषांनी रचलेले नियम आहेत असा सूर असलेला मजकूर होता; त्यावर बराच गदारोळ झाला आणि 'मतिचूर' या संग्रहात तो निबंध घेताना तेवढा भाग वगळण्यात आला.

हिंदू विधवांच्या विश्वातील एक पंजाबी संहिता आणि मुस्लिम अभिजनांच्या विश्वातील एक बंगाली संहिता यांच्यात धर्म, प्रांत, लिपी, वाचकवर्ग असे सर्वच भिन्न असताना प्रतिमा मात्र एकच का यावी? याचे उत्तर वस्तूत आहे. दागिना हा स्त्रीच्या देहावर प्रत्यक्ष वागवला जाणारा सामाजिक अर्थ आहे. धर्मशास्त्राचे वचन वादात खोडता येते, त्याला प्रतिवचन देता येते. अंगावरच्या धातूचे वजन मात्र जी वाहते तिलाच कळते. अनुभवाच्या या पातळीवर दोन्ही लेखिका एकत्र येतात. मौन बाळगणाऱ्या वस्तूला बोलते करणे हे या लेखनाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

५. अक्षर आणि स्वयंपाकघर

रससुंदरी देवी यांचे 'आमार जीवन' हे बंगालीतील पहिले आत्मचरित्र मानले जाते. त्याच्या प्रथम प्रकाशनाचे वर्ष १८६८ की १८७६ याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. विस्तारित आवृत्ती १८९७ ची. मोठ्या कुटुंबाचा संसार, एकामागून एक बाळंतपणे, दिवसभर चुलीपाशी उभे राहणे, आणि या सर्वांत एकच गुप्त इच्छा : वाचता यावे. 'चैतन्यभागवत' या ग्रंथाचे एक पान त्यांनी लपवून ठेवले, मुलाने गिरवलेल्या ताडपत्रावरील अक्षरांशी ते ताडून पाहिले आणि स्वयंपाकघरात, कोणाच्या नजरेस न पडता, त्या वाचायला शिकल्या.

या कथेकडे भक्तीची कथा म्हणून पाहता येते आणि लेखिकेची श्रद्धाही तशीच आहे. तथापि लक्षात घेण्याजोगे हे की, येथेही शिकण्याची रीत तुलनेचीच आहे : पोथीतील अक्षर एका हाती, मुलाचे अक्षर दुसऱ्या हाती आणि त्यांच्यातील साम्याचा शोध. मुलाला सहज मिळालेली वस्तू आईला चोरून मिळवावी लागते, ही विषमता रससुंदरी आक्रोश न करता सांगतात. ताराबाईंचा आवाज चढा आहे, रससुंदरींचा खालचा. पण दोघींच्या लेखनात अन्यायाचे मोजमाप पुरुषाच्या सहजप्राप्त अधिकाराशी स्वतःची स्थिती ताडूनच होते.

६. स्त्री म्हणजे कोणती स्त्री?

येथवर उल्लेखिलेल्या बहुतेक लेखिका उच्च अथवा प्रतिष्ठित जातिसमूहांतील आहेत. त्यांच्या लेखनातून 'भारतीय स्त्री'विषयी सरसकट विधाने करणे तौलनिक अभ्यासाला शोभणारे नाही. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. महार-मांगांच्या दुःखांविषयीच्या या निबंधात तिने आपल्या समाजातील स्त्रियांच्या बाळंतपणाचे हाल सांगितले आहेत. डोक्यावर धड छप्पर नसताना होणाऱ्या त्या प्रसूतीचे दुःख सवर्ण स्त्रीने स्वतःच्या अनुभवावरून ओळखावे, अशी तिची हाक आहे.

ही तुलना स्त्री व पुरुष यांच्यातील नाही. स्त्री आणि स्त्री यांच्यातील आहे. बाळंतपण समान, पण त्याभोवतीचे जग असमान. लिंगभाव आणि जात यांचा एकमेकांत गुंतलेला विचार विसाव्या शतकाच्या अखेरीस दलित स्त्रीवादाने सिद्धांतरूपाने मांडला; त्याचे बीज या शाळकरी निबंधात आहे. कालदृष्ट्याही हा निबंध 'स्त्रीपुरुष तुलना'च्या सत्तावीस वर्षे आधीचा आहे. मराठी स्त्रीविषयक गद्याची वंशावळ मांडताना आरंभबिंदू कोठे धरायचा, हा म्हणून केवळ कालगणनेचा प्रश्न राहत नाही.

७. उलटापालटीचे तर्कशास्त्र

तुलनेची शेवटची पायरी म्हणजे अदलाबदल. रुकैया यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा १९०५ मध्ये मद्रासच्या 'द इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली. तीत स्त्रियांचे राज्य आहे आणि पुरुष जनानखान्याऐवजी मर्दानखान्यात आहेत. स्त्रियांची विद्यापीठे सूर्याची उष्णता साठवतात, त्या उष्णतेवर स्वयंपाक होतो आणि तिच्याच झोताने शत्रुसैन्य पळवून लावले जाते. पुरुष बलवान आहेत म्हणून त्यांनी राज्य करावे, या युक्तिवादावर उत्तर असे : सिंहही माणसापेक्षा बलवान आहे, म्हणून तो माणसावर राज्य करतो काय?

ताराबाई जे प्रश्नाने साधतात ते रुकैया कल्पितकथेने साधतात. भूमिका उलट्या केल्या की जे 'नैसर्गिक' वाटत होते ते हास्यास्पद ठरते. हसू ओसरल्यावर वाचकाच्या ध्यानी येते की मूळ व्यवस्थाही तितकीच हास्यास्पद होती. रुकैया येथेच थांबल्या नाहीत. त्यांनी सखावत मेमोरियल मुलींची शाळा प्रथम भागलपूरला व १९११ पासून कलकत्त्यात चालवली. लेखन व संस्थाकार्य हे त्यांच्या बाबतीत एकाच युक्तिवादाचे दोन भाग होते.

तेलुगूतील भंडारू अच्चमांबा (१८७४–१९०५) यांनी तिसरा मार्ग निवडला. त्यांचे बरेचसे आयुष्य नागपूर व मध्य प्रांतात गेले आणि मराठी-हिंदी वाङ्मयीन वातावरणाशी त्यांचा परिचय होता. १९०१ च्या 'अबला सच्चरित्र रत्नमाल' या ग्रंथात त्यांनी कर्तबगार स्त्रियांची चरित्रे एकत्र केली. स्त्रिया जात्याच दुबळ्या व अल्पबुद्धी असतात हा आक्षेप उदाहरणांनी खोडून काढणे हा त्यामागचा एक हेतू होता. शीर्षकातील 'अबला' हा शब्द ग्रंथातील मजकूरच खोटा ठरवतो, ही त्यातील खोच आहे.

८. हरवणे आणि सापडणे

या संहितांचे पुढे काय झाले, हाही त्यांच्या अर्थाचाच भाग आहे. 'स्त्रीपुरुष तुलना'ची टवाळी झाली. महात्मा फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची पाठराखण केली. पण ताराबाईंनी पुन्हा काही प्रसिद्ध केल्याचे दिसत नाही. पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षी, त्याचे पुनर्मुद्रण केले, आणि १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅन्लन यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे ते मराठीबाहेरच्या अभ्यासकांपर्यंत पोचले. 'सीमंतनी उपदेश' डॉ. धर्मवीर यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा उजेडात आणले. सूझी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या 'विमेन रायटिंग इन इंडिया'च्या दोन खंडांनी (१९९१, १९९३) विविध भाषांतील असे लेखन प्रथमच एकत्र वाचण्याची सोय केली.

मधल्या जवळजवळ शतकभराच्या विस्मरणाची किंमत मोठी आहे. भारतातील स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीचा 'समतेकडे' हा अहवाल १९७४ च्या अखेरीस सादर झाला आणि त्याने देशाला धक्का दिला. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण १९०१ मध्ये ९७२ होते, ते १९७१ मध्ये ९३० वर आल्याची नोंद त्याने ठळकपणे पुढे आणली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या स्त्रीचळवळीवर 'ही कल्पना परदेशातून आयात केलेली' असा आक्षेप वारंवार घेतला गेला. ताराबाई, मुक्ता वा रुकैया यांच्या संहिता पाठ्यक्रमात व वाचनात असत्या, तर हा आक्षेप इतक्या सहजी घेता आला नसता. पुस्तक हरवणे म्हणजे केवळ एक पुस्तक कमी होणे नव्हे. पुढच्या पिढीला आपला युक्तिवाद पुन्हा पहिल्यापासून रचावा लागणे, असा त्याचा अर्थ होतो.

९. समारोप

स्वातंत्र्यानंतर कायद्याने पुष्कळ मजल मारली. संविधानाने लिंगाधारित भेदभावाला मनाई केली. १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखल्या. २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क मिळाला. २०२३ मध्ये लोकसभा व विधानसभांतील एकतृतीयांश जागांसाठीची १०६वी घटनादुरुस्ती संमत झाली. दुसरीकडे २०११ च्या जनगणनेतही स्त्री व पुरुष यांच्या साक्षरतेत सुमारे सोळा टक्क्यांचे अंतर होते. रससुंदरींच्या लपवलेल्या पानाचा प्रश्न अद्याप पुरता निकालात निघालेला नाही.

प्रस्तुत विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की भारतीय भाषांतील या लेखनाची एकत्र मांडणी प्रभावाच्या साखळीने करता येत नाही. समान बंधनांना दिलेले स्वतंत्र प्रतिसाद म्हणूनच ते वाचावे लागते. दुसरा असा की निबंध, आत्मचरित्र, स्वप्नकथा, चरित्रसंग्रह हे वाङ्मयप्रकार येथे भिन्न असले तरी त्यांचा आंतरिक व्यापार एक आहे : दोन बाजूंना एकच माप लावणे. तिसरा निष्कर्ष आपल्या विद्याशाखेविषयी आहे. तुलना ही तटस्थ क्रिया आहे असे आपण मानतो. परंतु कोणते माप घ्यायचे, कोणाला कोणाशेजारी ठेवायचे आणि कोणती संहिता तुलनेच्या कक्षेबाहेर राहू द्यायची, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते, आणि त्या ठरवण्यात न्याय-अन्यायाचा प्रश्न असतोच. बुलढाण्याच्या एका लेखिकेने १८८२ मध्ये आपल्या पुस्तकाचे नाव 'तुलना' असे ठेवले, तेव्हा तिला हे पुरते ठाऊक होते.